ओट्यासाठी दगड निवडताना

स्वयंपाकघराचे काम काढले की ओट्यासाठी आज तीन नावे पुढे येतात: ग्रॅनाइट, संगमरवर आणि क्वार्ट्झ. हात आखडता असेल तर चौथे कडप्प्याचे. दुकानात चर्चा होते ती रंगाची आणि चौरस फुटाच्या भावाची. त्या दगडावर रोज काय सांडणार आहे, हा प्रश्न खरे तर आधी विचारायला हवा.

आपल्याकडे सांडतो चिंचेचा कोळ, कोकमाचे आगळ, लिंबू, ताक. आणि जोडीला फोडणीचे तेल नि हळद. संगमरवराचे वैर नेमके आंबटाशी आहे. तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्यामुळे आम्ल लागले की वरचा थर विरघळतो. दुकानदाराकडून पॉलिश केलेला एक तुकडा मागून आणा, त्यावर लिंबाची फोड पालथी ठेवा, थोड्या वेळाने उचलून पुसा आणि तुकडा उजेडात तिरपा धरा. फोडीएवढे निस्तेज वर्तुळ उमटलेले दिसेल. तिथे दगडच खाल्ला गेलेला असतो, त्यामुळे घासून काही उपयोग नाही. पुन्हा पॉलिश करावे लागते. सीलरमुळे तेल-हळद मुरायला वेळ लागतो, पण आम्लाची झळ टळत नाही. मकराण्याच्या पांढऱ्या दगडाचे देखणेपण मला मान्य आहे. त्याच्या गारव्यावर पोळ्या लाटायलाही सुख वाटते. म्हणून हौस असेल तर लाटण्यापुरता एक तुकडा बसवावा, अख्खा ओटा नको.

कडप्पाही चुनखडीचाच, त्यामुळे आंबटाचे पांढुरके डाग त्यावरही पडतात. तो फिका पडला की तेलाचा बोळा फिरवण्याची पद्धत अनेक घरांत होती. कडा टवके उडून खडबडीत होतात. तरीही कितीतरी चाळींतल्या आणि जुन्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांनी संसार त्याच्यावरच केला, आणि आजही कित्येक ग्रॅनाइटच्या ओट्यांखाली उभे टेकू कडप्प्याचेच असतात. पैसे बेताचे असतील तर तो घेण्यात कमीपणा काही नाही.

ग्रॅनाइटची बाजू भक्कम आहे. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर संगमरवरातले कॅल्साइट 3 वर, तर ग्रॅनाइटमधले फेल्डस्पार 6 वर आणि क्वार्ट्झ 7 वर. सुरीने ओरखडा पडत नाही (बोथट होते ती सुरी), लिंबू-चिंच बाधत नाही, गरम भांडे टेकले तर सहसा काही होत नाही. पण फिकट रंगाचा ग्रॅनाइट तेल पितो. गॅसजवळ तो हमखास काळवंडतो. काळ्यात वेगळी सावधगिरी हवी, कारण करड्या दगडाला रंग देऊन तो काळा म्हणून विकला जातो. पांढऱ्या कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन नमुना घासा; कापूस काळा झाला तर तो दगड परत करा. सिंकच्या पुढची अरुंद पट्टी ही प्रत्येक ओट्याची नाजूक जागा. तिला खालून आधार आहे ना, हे बसवतानाच पाहावे.

क्वार्ट्झ म्हणून विकला जातो तो कारखान्यात घडवलेला दगड: क्वार्ट्झचा चुरा आणि त्याला बांधणारे रेझिन. रंग एकसारखा, सीलरची गरज नाही, आंबटाचे भय नाही. ज्या घरात रोजचा स्वयंपाक मोजका आहे, तिथे त्याची सोय नाकारता येणार नाही. मात्र रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसवरून उतरवलेला तवा किंवा कढई थेट ठेवली की कायमचा डाग राहू शकतो, आणि आपल्या घाईच्या सकाळी ते कधीतरी होणारच.

माझ्या लेखी याहून जड मुद्दा कारागिराचा आहे. क्वार्ट्झच्या लादीत सिलिकाचे प्रमाण 90 टक्क्यांच्या वर जाऊ शकते. ती कोरडी कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. कारागीर तरुण वयात आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्या बनवणे, विकणे आणि बसवणे यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असतो; क्वार्ट्झपेक्षा बराच कमी, पण दुर्लक्ष करण्याइतका नाही. इमारतीच्या पॅसेजमध्ये तोंडाला नुसता रुमाल बांधून ग्रॅनाइटवर ग्राइंडर चालवणारा मुलगा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात.

सगळे तोलून माझे मत गडद रंगाच्या, न रंगवलेल्या ग्रॅनाइटला. आणि दगड कोणताही घ्या, ठेकेदाराशी भाव ठरवतानाच सांगा की कटिंग पाणी सोडूनच होईल आणि कारागिराला धुळीचा योग्य मास्क मिळेल. त्याचे चार पैसे जास्त पडले तर ते द्या.