साठविलेला खेळ व यंत्राची निगा

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थी फार खिन्न दिसूं लागला. घरीं कोणी आजारी आहे काय, असें मीं त्यास एकीकडे घेऊन विचारिलें, तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी आलें. 'माइनक्राफ्ट' या संगणकावरील खेळांत त्यानें व त्याच्या धाकट्या बहिणीनें दोन वर्षें खपून एक गांव वसविलें होतें. खेळ मंद चालूं लागला, म्हणून डिस्कवर जागा करावी या हेतूनें त्यानें खेळाचें सबंध फोल्डर पुसून टाकलें आणि रीसायकल बिनहि रिकामें केलें. त्याच फोल्डरच्या पोटांत, 'सेव्हज' नांवाच्या कप्प्यांत, तें गांव होतें हें त्यास ठाऊक नव्हतें. वडील म्हणाले, "बरें झालें, पीडा टळली!"

त्या पित्याचा हेतु मला समजतो. खेळापायीं रात्रीच्या रात्री जागणारीं मुलें मींहि पाहिलीं आहेत, व त्यांची तरफदारी मला करावयाची नाहीं. तथापि पालकांस माझें नम्र सांगणें आहे कीं, मूल संगणकावर खेळत असेल, तर आपला साठविलेला खेळ जपण्याचें व आपलें यंत्र सुस्थितींत राखण्याचें काम त्यालाच नेमून द्यावें. आणि तें त्यास साधेपर्यंत नव्या यंत्राचा हट्ट पुरवूं नये.

खेळ साठविण्याची सोय पूर्वीं इतकी सुलभ नव्हती. सन १९८६ सालीं जपानांत निघालेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट' या खेळांत, थांबतांना पडद्यावर २० अक्षरांचा मंत्र येत असे. तो वहींत उतरून घेऊन पुढच्या वेळीं बिनचूक भरावा लागे. १९८७ च्या दुसऱ्या भागांत हा मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. एक अक्षर चुकलें कीं मुलाचे सारे श्रम वायां! त्याच वर्षीं अमेरिकेंत आलेल्या 'झेल्डा'च्या कार्ट्रिजमध्यें एक लहानशी बॅटरी असे व तिच्या बळावर खेळ स्मरणांत राही. बॅटरी संपली कीं स्मरणहि संपलें. त्या काळच्या मुलांस आपले श्रम कोठें ठेविले आहेत हें पक्कें ठाऊक होतें. आजच्या मुलांस तें ठाऊक नसतें, आणि नुकसानीचें मूळ येथेंच आहे.

विद्यार्थिमित्रहो, साठविलेला खेळ म्हणजे निबंधासारखीच एक फाइल किंवा फाइलींचें फोल्डर होय. तें कोठें आहे हें प्रथम शोधून काढा. मग आठवड्यांतून एकदां, खेळ पूर्णपणें बंद करून, तें सबंध फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा व त्यास तारखेचें नांव द्या. शेवटच्या तीन प्रती तरी ठेवा. कारण बिघाड पुष्कळदां उशिरां लक्षांत येतो. क्लाउडवरील प्रत सोयीची खरी, परंतु ती आरशाप्रमाणें असते: येथें बिघडलेली फाइल तेथेंहि बिघडलेलीच जाऊन बसूं शकते. खेळ साठविला जात असतांना यंत्र एकाएकीं बंद करूं नका.

आतां त्या मंदपणाविषयीं. त्याचें कारण डिस्क नव्हतेंच. हा खेळ आपलें जग १६ ठोकळे लांब व १६ ठोकळे रुंद अशा तुकड्यांत विभागतो; त्यांस 'चंक' म्हणतात. खेळाडूस किती दूरचें दिसावें तो आंकडा ८ ठेविला, तर त्याच्या सभोंवार १७ × १७, म्हणजे २८९ चंक येतात. १६ ठेविला तर ३३ × ३३, म्हणजे १०८९. अंतर दुप्पट, पण काम जवळजवळ चौपट! आणि सेकंदास ६० चित्रें हवीं असतील, तर एका चित्रास सेकंदाचा साठावा भागच वाट्यास येतो. त्या मुलानें आंकडा १६ ठेविला होता. शिवाय लॅपटॉप गादीवर ठेवून तो खेळे. त्यामुळें हवेचीं छिद्रें बुजून यंत्र तापे, आणि तापलेला प्रोसेसर स्वतःस वांचविण्यासाठीं आपली गति कमी करितो. हें सारें गणित त्यानें स्वतः फळ्यावर करून पाहिलें. आंकडा ८ वर आणला, धूळ झाडली, लॅपटॉप मेजावर ठेविला. एक रुपयाहि खर्च न होतां खेळ सुरळीत चालूं लागला.

पालकहो, आपण तरी काय करितों? लग्नाचीं, बारशाचीं, दिवंगत मातापितरांचीं छायाचित्रें एकाच मोबाइलमध्यें ठेवून निश्चिंत राहतों. मुलाच्या गांवास हंसण्यापूर्वीं त्यांची दुसरी प्रत कोठें आहे, हें स्वतःस विचारावें. लहान गोष्टींत जो विश्वासू ठरतो त्याच्यावरच मोठा कारभार सोंपविला जातो, असें प्रभूनें शिकविलें आहे. खेळ ही लहानच गोष्ट आहे. म्हणूनच विश्वासूपणाचा पहिला पाठ तेथें स्वस्तांत मिळतो.

तें गेलेलें गांव परत आलें नाहीं. भावंडांनीं दुसरें वसविण्यास आरंभ केला आहे. दर शनिवारीं बहीण त्याची प्रत काढते व वहींत तारीख लिहिते. आणि परवां तिच्या वडिलांनीं आपल्या मोबाइलमधील छायाचित्रांचीहि प्रत तिच्याकडूनच काढून घेतली.