शिबिर मुलांचे, शिक्षण कार्यकर्त्यांचे

वार्षिक परीक्षा संपल्या, की गावोगावच्या मंदिरांत आणि शाळांच्या पटांगणांवर संस्कार शिबिरे सुरू होतात. प्रातःस्मरण, सूर्यनमस्कार, श्लोकपाठांतर, गोष्टी, गीते आणि खेळ असा आठ-दहा दिवसांचा भरगच्च कार्यक्रम असतो. समारोपाला पाहुणे येतात, मुले श्लोक म्हणून दाखवितात, पालक कौतुक करतात. मुले काय शिकली याची चर्चा पुष्कळ होते. शिकविणाऱ्या कार्यकर्त्याने काय शिकावे, याची मात्र फारशी होत नाही. ती होणे अगत्याचे आहे.

पहिला धडा असा, की मूल उपदेशाला कंटाळते आणि गोष्टीला भुलते. हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक होते. पंचतंत्रातील विष्णुशर्मा अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकवितो, ते प्राण्यांच्या कथांतून. ‘स्वामिनिष्ठा’ या विषयावरील भाषणाला दहाव्या मिनिटास चुळबुळ सुरू होते; पण १६६० च्या आषाढातील ती पावसाळी रात्र, पन्हाळ्यावरून निघालेली पालखी आणि घोडखिंडीत उभे ठाकलेले बाजीप्रभू डोळ्यांपुढे उभे केले, की तीच मुले श्वास रोखून ऐकतात. त्यानंतर तात्पर्य सांगत बसण्याची गरज उरत नाही.

दुसरा धडा मैदानावरचा. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात आणि ‘खो’ मिळाल्याविना कोणालाही उठता येत नाही. धावण्याची ऊर्मी आवरून आपली पाळी येईपर्यंत सावध राहणे, म्हणजेच अनुशासन. ते फळ्यावर लिहून शिकविता येत नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद पटकाविले. ज्या खेळाला गावठी म्हणून नाके मुरडली गेली, त्याचे मोल आता तरी ओळखावयास हवे.

तिसरा धडा अधिक कठोर आहे. मुलांची दृष्टी फार तीक्ष्ण असते. वेळेचे महत्त्व सांगणारा शिक्षक स्वतः उशिरा आला, किंवा पानात अन्न टाकू नये असे सांगून स्वतःच्या पानात टाकून उठला, तर दहा दिवसांचे कष्ट क्षणात वाया जातात. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

शेवटचा धडा सातत्याचा. १९२५ मध्ये नागपुरात संघाची स्थापना करणाऱ्या डॉ. हेडगेवारांच्या कार्यपद्धतीचा कणा ठरली, ती दैनंदिन शाखा. संस्कार पुनरावृत्तीने मुरतो, हे त्यामागील मर्म होय. दहा दिवस श्लोक म्हणणारे मूल घरी परतताच दूरचित्रवाणी आणि भ्रमणध्वनीच्या स्वाधीन होत असेल, तर त्याचा दोष केवळ पालकांवर ढकलून भागणार नाही. शिबिरानंतर त्याच वस्तीत साप्ताहिक वर्ग सुरू राहावा आणि कार्यकर्त्याची पावले प्रत्येक मुलाच्या घराकडे वळावीत. जूनमधील पहिल्या रविवारी किती मुले आपण होऊन परत आली, हे ज्या आयोजकांनी मोजले, त्यांनाच आपल्या शिबिराचे खरे यशापयश कळेल.