चाक बदलू द्या, पण तपासून

यामाहाच्या आर१५ या स्पोर्ट बाईकची पहिली आवृत्ती भारतात २००८ साली आली. त्या वर्षी नोंदवलेल्या गाड्यांची पंधरा वर्षांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतरच्या वर्षांच्या गाड्या आता एकेक करून पुनर्नोंदणीसाठी आरटीओच्या आवारात येत आहेत. निरीक्षक चेसिस नंबर पडताळतो, दिवे, हॉर्न, ब्रेक पाहतो. यातल्या पुष्कळ गाड्यांचे मागचे चाक मात्र कारखान्यातून निघाले तेव्हाचे राहिलेले नसते. त्या जागी नंतरच्या आवृत्तीचे, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या गाडीचे रुंद मॅगव्हील बसलेले असते. कागदोपत्री ते चाक तिथे असायलाच नको आणि रस्त्यावर तर ते जागोजागी दिसते. ते नीट बसले आहे की उद्या घाटात दगा देणार आहे, हे ठरवण्याची रीत मात्र कुणी घालून दिलेली नाही. जुन्या स्पोर्ट बाईकला चांगले चाक बसवण्याची कायदेशीर आणि तपासणीतून जाणारी वाट सरकारने काढली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ती वाट नसल्याने अभ्यास करून चाक निवडणारा मालक आणि दिसण्यावर भाळून काहीही बसवणारा मालक कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत उभे राहतात.

लोक चाके का बदलतात, याचे उत्तर आर१५च्याच इतिहासात मिळते. पहिल्या आवृत्तीत दीडशे सीसीचे लिक्विड-कूल्ड इंजिन होते, रेसिंगच्या गाड्यांवरून उतरलेली डेल्टाबॉक्स फ्रेम होती आणि जवळपास १७ अश्वशक्ती होती. इतके सगळे असताना पुढे ८०/९०-१७ आणि मागे १००/८०-१७ असे टायर होते, म्हणजे रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीला शोभावेत असे. फ्रेम जेवढे वळण पेलू शकत होती, तेवढे तो मागचा टायर पेलत नव्हता. २०११ मध्ये दुसरी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने स्वतःच हे मान्य केल्यासारखे केले. पुढे ९०/८०-१७ आणि मागे १३०/७० मापाचा रेडियल टायर आला. पण कंपनीने तेवढ्यावर काम थांबवले नाही, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात बोलका पुरावा हाच आहे. रुंद चाकासाठी मागचा स्विंगआर्म, ज्याला गॅरेजमध्ये चिमटा म्हणतात, तो नवा ॲल्युमिनियमचा केला. व्हीलबेस १२९० मिलिमीटरवरून १३४५ वर नेला. मागच्या स्प्रॉकेटचे दात ४२ वरून ४७ केले. इंजिनाची ताकद होती तेवढीच राहिली. म्हणजे एका चाकापायी कंपनीच्या इंजिनियरांनी गाडीचा मागचा अर्धा भाग नव्याने मांडला.

हे त्यांना का करावे लागले, ते टायरवरच्या आकड्यांतून कुणालाही काढता येईल. ८०/९० म्हणजे ८० मिलिमीटर रुंदी आणि तिच्या नव्वद टक्के, म्हणजे ७२ मिलिमीटर उंची. ९०/८० ची उंचीही ७२ मिलिमीटरच भरते. म्हणून पुढचे चाक रुंद झाले तरी त्याचा व्यास बदलला नाही. मागे मात्र १००/८० ची उंची ८० मिलिमीटर आणि १३०/७० ची ९१. सतरा इंची रिमवर एकूण व्यास ५९२ वरून ६१४ मिलिमीटर होतो, म्हणजे पावणेचार टक्क्यांच्या आसपास वाढतो. चाकाच्या एका फेरीत गाडी तेवढी जास्त पुढे जाते, म्हणून प्रत्येक गिअर तेवढा जड होतो. त्यातच रुंद टायरचे वजन जास्त. फिरणाऱ्या चाकाच्या परिघावरचे वजन इंजिनाला दोनदा सोसावे लागते, एकदा पुढे ढकलताना आणि एकदा गरगर फिरवताना. टायरच्या तळव्याशी वाढलेला एक किलो वेग घेताना जवळपास दोन किलोंचा भार होऊन बसतो. सतरा अश्वशक्तीच्या गाडीला ते जाणवणारच. ४७ दातांचे स्प्रॉकेट हे त्याचे उत्तर होते.

आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहू. मालकाला रुंद टायर हवा असतो आणि सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे जुन्याच अरुंद रिमवर १३० चा टायर चढवणे. टायर चढतो, हवा धरतो, उभ्या गाडीवर झोकदारही दिसतो. पण अरुंद रिम त्याच्या दोन्ही कडा आत ओढून धरते, त्यामुळे त्याचा तळवा फुगून टोकदार होतो. सरळ रस्त्यावर जमिनीला टेकणारा पट्टा वाढायच्या ऐवजी कमी होऊ शकतो आणि वळणावर टायर आखलेल्या घडणीप्रमाणे बसत नाही. पैसे खर्चून पकड घालवल्यासारखे हे आहे. दुसरा प्रकार म्हणजे रिमसकट चाक बदलायचे आणि चिमटा जुनाच ठेवायचा. मग चेन टायरला घासू नये म्हणून वॉशर घालून, बुश कातून स्प्रॉकेट बाहेर सरकवले जाते. पुढचे आणि मागचे स्प्रॉकेट एका रेषेत राहत नाहीत, चेन तिरकी चालते आणि लवकर झिजते. मागची उंची अकरा मिलिमीटरने वाढून पुढचा काटा किंचित उभा होतो, हँडल जास्त चपळ लागते. अनुभवी चालकाला ते आवडेलही, पण ते नकळत घडणे बरे नव्हे.

हे वाचून कुणी म्हणेल, की मग चाक बदलूच नये, कंपनीने दिले तेच देवाचे. हा आक्षेप मला पटत नाही. जुन्या गाड्यांची मूळ चाके त्या काळच्या टायरसाठी आणि त्या काळच्या रस्त्यांसाठी बनलेली असतात. जगभर हेच झाले आहे. सुझुकीची जीएसएक्स-आर७५० ही १९८५ ची गाडी, जिच्यापासून आजच्या स्पोर्ट बाईकची पिढी मोजली जाते, ती अठरा इंची चाकांवर आली. १९८८ च्या मॉडेलमध्ये ती सतरा इंचीवर गेली, कारण रेडियल टायर आले होते आणि स्पोर्ट बाईकचे चांगले टायर त्याच मापात निघू लागले होते. अठरा किंवा सोळा इंची चाकांच्या त्या काळच्या गाड्या आजही जपणारे लोक सतरा इंची चाके शोधतात, त्यामागे दिखाव्यापेक्षा टायरची निवड हे कारण मोठे असते. आपल्याकडच्या राजदूत ३५० ला दोन्हीकडे ड्रम ब्रेक आणि अठरा इंची स्पोकची चाके होती. मूळ जपानी आरडी३५० ला पुढे डिस्क होती, ती इथे आलीच नाही. आज ती गाडी रस्त्यावर चालवायची तर पुढे डिस्क आणि ती पेलणारे चाक बसवणे हा शहाणपणा आहे. तसेच ट्यूबचे. स्पोकच्या नेहमीच्या चाकात ट्यूब लागते आणि ट्यूब फाटली की हवा एका दमात जाते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला तरी हवा सहसा हळूहळू उतरते, बाजूला थांबायला वेळ मिळतो. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१८-१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, पण त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना ते नाही. ओल्या रस्त्यावर अशा गाडीचा सगळा भरवसा टायरच्या पकडीवर असतो. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे १ लाख ६८ हजार माणसे गेली आणि त्यातले साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे होते. त्यात चाकाचा वाटा वेग आणि हेल्मेट यांच्यामानाने लहान असणार, हे मी मान्य करतो. पण जी सुधारणा मालक स्वतःच्या खिशातून करायला तयार आहे, ती अडवायला कारण तरी भक्कम हवे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हा अर्थ आणखी घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. बंदीचा हेतू रास्त आहे. पण त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आणखी एक गोष्ट घातली, जिची चर्चा फारशी झाली नाही. वाहनातल्या बदलांसाठी निकष, मंजुरीच्या अटी आणि रेट्रोफिटिंगचे नियम ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि असा मंजूर बदल केला तर उत्पादकाची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही, असेही लिहिले. म्हणजे दार कायद्यातच आहे. गाडीला सीएनजी किट बसवताना आपण नेमके तेच दार वापरतो: मंजूर किट, अधिकृत फिटर, आरसी बुकात नोंद. पेट्रोलच्या गाडीचे इंजिन काढून मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवण्याचीही सोय आहे. गाडीचे हृदय बदलता येते, तर तपासलेले चाक बदलता येऊ नये याला तर्क सापडत नाही.

जर्मनीत ही व्यवस्था कित्येक वर्षे चालू आहे. तिथे चाक बनवणारा आपल्या मालाची चाचणी करून प्रमाणपत्र घेतो, कोणत्या गाडीला कोणत्या मापात ते चालेल हे त्यात लिहिलेले असते. काही भागांना तेवढे प्रमाणपत्र पुरते. इतरांच्या बाबतीत टीयूव्हीसारख्या संस्थेचा तपासनीस बसवलेले चाक पाहतो आणि मग गाडीच्या कागदपत्रांत नोंद होते. त्या देशात वेगाची हौस कमी नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांनी बदलाला बंदी घालण्याऐवजी त्याला हिशेबात घेतले. आपल्याकडे पुण्यात एआरएआय ही वाहन चाचणीची मोठी संस्था आहे, चाकणला दुचाकी बनतात आणि त्यांना भाग पुरवणारे कारखाने आसपासच आहेत. चाकाची वळणावरच्या ताणाची, भाराची आणि खड्ड्याच्या धक्क्याची चाचणी कशी करायची हे या भागाला नव्याने शिकायचे नाही. महाराष्ट्राने केंद्राकडे हा प्रस्ताव पुढाकार घेऊन मांडावा, असे वाटण्यामागे हेच कारण आहे.

सगळ्यात जोरकस आक्षेप वेगळाच आहे. मोकळीक दिली तर स्टंट करणारी पोरे दीडशेच्या मापाचे टायर लावून सुटतील आणि आधीच कामाने वाकलेले आरटीओ कार्यालय त्यांना रोखू शकणार नाही. यातला पहिला भाग उलटा वाचायला हवा. ती पोरे आजही तसे टायर लावतात, कारण आजची बंदी दुकानात पोहोचत नाही. मुंबईत कुर्ल्यापासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत वापरलेली चाके मिळतात. त्यात अपघातात वाकलेली, तापवून ठोकून सरळ केलेली, तडा वेल्डिंगने भरून रंग मारलेली चाकेही असू शकतात. मॅगव्हीलच्या ॲल्युमिनियमला ताकद येते ती ओतल्यानंतर दिलेल्या उष्णतेच्या प्रक्रियेमुळे. वेल्डिंगच्या किंवा गॅसच्या ज्योतीने ती ताकद त्या जागी उतरते आणि रंगाखाली हे दिसत नाही. मंजूर चाकांची यादी असेल तर शिक्का नसलेले चाक ओळखता येईल, विमा कंपनीला मंजूर बदल नाकारण्याची सबब उरणार नाही, आणि नेकीने काम करणाऱ्या मेकॅनिकला गिऱ्हाइकाला नाही म्हणताना बोट ठेवायला काहीतरी मिळेल. मर्यादाही घालता येईल: त्याच गाडीच्या पुढच्या आवृत्तीला कंपनीने जे माप दिले त्याच्या पलीकडे जायचे नाही, आणि चिमटा-स्प्रॉकेट जिथे बदलावे लागतात तिथे ते चाकाबरोबरच बदलायचे. आर१५च्या मालकाला दुसऱ्या आवृत्तीचा पूर्ण संच बसवायची मुभा द्यायची, नुसता टायर फुगवायची नाही.

आरटीओच्या भाराचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच या कामासाठी वेगळी रांग उभी करू नये. जुन्या गाडीला पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी त्या आवारात यावेच लागते. तेव्हाच चाकावरचा शिक्का, टायरचे माप, चेनची रेषा आणि बेअरिंगची हालचाल पाहायची आणि आरसीवर एक ओळ वाढवायची. स्टँडवर उभ्या गाडीचे चाक हाताने फिरवून रिमचा आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, मोजायला एक डायल गेज आणि पाचेक मिनिटे लागतात.