समजून घ्या : ६० मुले, दोन शिक्षक, तरी वर्गात दाटी का?
चांदवड तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांनाही शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू आहे. पहिली ते पाचवीला ६० विद्यार्थ्यांपर्यंत दोन शिक्षक आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, असा त्याचा निकष. कागदावर एका शिक्षकामागे ३० मुले. पण इयत्ता पाच! म्हणजे एका खोलीत दोन, दुसरीत तीन इयत्ता. तिसरीचा भागाकार सुरू असताना पहिलीची मुले अक्षरे गिरवत बसतात. एक शिक्षक निवडणुकीच्या कामाला गेला, की पाचही इयत्ता एकाच शिक्षकासमोर. सहावी ते आठवीला मात्र कायद्यानुसार प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात. त्यांनी पटसंख्येबरोबरच ‘एका शिक्षकाकडे इयत्ता किती?’ हेही विचारायला हवे.