पांढरीखालची हाडे आणि आपला इतिहास

दरवर्षी १ जानेवारीला पुणे-नगर रस्त्याने आपण लाखोंच्या संख्येने भीमा कोरेगावला येतो. कोरेगाव शिरूर तालुक्यात आहे. याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची अख्खी वस्ती तिथे मातीखालून वर आली. पण तिकडे गाडी वळवणारे आपल्यात किती? आम्हीही कित्येक वर्षे वळवली नव्हती, हे आधीच कबूल करतो.

इतिहासावर आपण तावातावाने बोलतो. आर्य बाहेरचे की इथलेच, मूलनिवासी कोण, जात किती हजार वर्षांची, या प्रश्नांवर प्रत्येकाजवळ तयार उत्तर असते. २०१९ साली राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनएचा अहवाल आला आणि दोन्हीकडच्या मंडळींनी आपलाच विजय जाहीर केला. किती सांगाड्यांतून डीएनए मिळाला, हे फारच थोड्यांनी विचारले. उत्तर आहे एक. एका बाईच्या हाडांवर सगळ्या देशाचा वाद लढवायचा, याला संशोधन म्हणत नाहीत.

म्हणून आमचे म्हणणे असे की निष्कर्षावर भांडण्याआधी पद्धत शिकली पाहिजे.

आपल्या गावगाड्यात काळी आणि पांढरी असे दोन शब्द आहेत. काळी म्हणजे शेताची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शेकडो वर्षे लोक एका जागी राहिले की राख, शेण, भिंतींची माती आणि हाडे साचून टेकाड तयार होते. खालचा थर जुना, वरचा नवा, इतका साधा हा नियम. पण मधे कोणी खड्डा खणला असेल तर वरची वस्तू खाली जाते. त्यामुळे वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी सापडली याची नोंद वस्तूइतकीच मोलाची असते. नोंद नसलेले खापर हे नुसते खापर. (गावाच्या शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष घेत. जमीन वाचण्याचे काम आपल्या पूर्वजांना नवे नव्हते. फक्त त्या साक्षीची पोथी कोणी बांधली नाही.)

डेक्कन कॉलेजने इनामगावात १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या तिघांच्या नावाने त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. कोळशातल्या कार्बन-१४ वरून वस्तीचा काळ ठरला. इ.स.पू. १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक, मग जोर्वे संस्कृतीचा सुबत्तेचा काळ, आणि शेवटी इ.स.पू. ७०० पर्यंत चाललेला पडता काळ. चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला म्हणून हे घडले असे ढवळीकरांचे मत होते. आज शिरूर-दौंडच्या जिरायती पट्ट्यात राहणाऱ्याला ते पटकन पटेल, पण पटणे म्हणजे पुरावा नव्हे, आणि अभ्यासकांत त्यावर वाद आहे.

आता आपल्या कामाचा प्रश्न. इनामगावात जात होती का?

वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे मोठे घर सापडले, शेजारी धान्याचे कोठार. कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. मोठ्या घराला ढवळीकरांनी मुखियाचे घर म्हटले. हे वाचून आपल्यातला कोणी लगेच म्हणेल, बघा, तेव्हापासून आपल्याला गावाबाहेर ठेवले! आणि पलीकडचा म्हणेल, बघा, जात ही कामाची नैसर्गिक विभागणी आहे. दोघेही जमिनीत नसलेले वाचत आहेत. उच्चनीचता होती, हे कोठार सांगते. पण कुंभाराचा मुलगा कोणाशी लग्न करत होता हे घराच्या जोत्यावरून कळत नाही. आणि बाबासाहेबांनी १९१६ च्या आपल्या निबंधात दाखवून दिले की जातीचे मर्म जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. २०१३ मधल्या एका जनुकीय अभ्यासाने या देशातले समूह सुमारे १९०० वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांत मिसळत होते आणि नंतर ते थांबत गेले, असे मांडले. म्हणजे जातीला आरंभ आहे. ज्याला आरंभ आहे त्याला सनातन कोण म्हणेल?

मृतांचेही पाहा. लहान मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरलेले आहे. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय तोडलेले आहेत. एका माणसाला मात्र पायांसकट, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरले होते. तो प्रमुख असावा, असा तर्क. मेलेला परत चालत येऊ नये म्हणून पाय तोडले, हाही तर्कच. पण ज्या घरात चूल पेटते त्याच घराखाली मूल पुरणाऱ्या लोकांना मृत्यूचा विटाळ मान्य नव्हता, एवढे म्हणायला आम्हाला हरकत वाटत नाही. विटाळाची ती सगळी व्यवस्था नंतर रचली गेली.

आणि हाडे. इनामगावच्या प्राण्यांच्या हाडांत गोवंशाची हाडे सर्वाधिक आहेत, आणि त्यांवर कापल्याच्या व भाजल्याच्या खुणा आहेत. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी लादताना ज्यांनी प्राचीन परंपरेचे दाखले दिले, त्यांनी हा अहवाल उघडला नसावा. शेजारच्या दौंड तालुक्यात, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमाजवळ वाळकीला त्याच काळची छोटी शेतवस्ती सापडली. तिथे हाडापासून केलेला नांगराचा फाळ मिळाला. जनावर ओढायला, खायला आणि मेल्यावर अवजाराला.

इथे आपल्याच लोकांना थोडे टोचून सांगायचे आहे. बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते' हा १९४६ चा ग्रंथ महात्मा फुल्यांना अर्पण केला, आणि त्याच ग्रंथात आर्य आक्रमणाचा सिद्धान्त नाकारला, जो फुल्यांनी पायाभूत मानला होता. गुरूला वंदन करून गुरूचे मत खोडणे ही त्यांची शिस्त. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात, जिथे दुवे सापडत नाहीत तिथे आपण अनुमान करतो आहोत, हे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले. आपण मात्र व्हॉट्सअपवर आलेला नकाशा पुढे ढकलतो.

चुकले तर दुरुस्त करायचे असते. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीची राख सापडली. आदिमानवाच्या या हत्यारांना कार्बन-१४ चालत नाही, त्याची मर्यादा पन्नास हजार वर्षांच्या आसपास. राखेचे वय काढले तेव्हा आधी सुमारे १४ लाख वर्षे आले, पुढे दुसऱ्या पद्धतीने ६.७ लाख, आणि काहींनी तर ती राख ७५ हजार वर्षांपूर्वीची ठरवली. कोणी कोणाला धर्मद्रोही म्हटले नाही. राख पुन्हा तपासली.

पांढरीची माती खत म्हणून शेतात नेण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. एकेक गाडीबरोबर एकेक थर जातो. म्हणून आमची मागणी साधी आहे. इनामगावचा अहवाल सोप्या मराठीत निघावा, शिरूर आणि दौंडच्या शाळांनी मुलांना ते टेकाड दाखवावे, आणि आपल्या मुलामुलींनी पुरातत्त्वाच्या वर्गात नाव घालावे. येत्या १ जानेवारीला विजयस्तंभाला मानवंदना दिल्यावर ज्यांच्याकडे वेळ असेल त्यांनी आमच्याबरोबर घोडेकाठी यावे. सोबत वही आणावी, फावडे नको.