काकडीच्या वेलाआधी मातीची सोय

काकडी म्हणजे बहुतेक पाणीच. तिच्यात सुमारे 95 टक्के पाणी असते. वेलाची मुळे मात्र फार खोल जात नाहीत. दोन दिवस ओल तुटली की फळ वाकडे होते, कधी कडूही निघते. मग आपण बियाण्याला दोष देतो. आमच्या मते आधी माती मुठीत घेऊन पाहावी. ढेकूळ दगडासारखे लागत असेल, तर त्या जमिनीतले सेंद्रिय द्रव्य सरले आहे, असे समजावे.

ते परत आणण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे कंपोस्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी घडवलेली पद्धत त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच असे विटांचे टाके बांधायचे आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत छिद्रे ठेवायची. आत पालापाचोळा व काडीकचरा, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर रचत जायचे. वरून शेणमातीने लिंपून ओल टिकवली की तीन ते चार महिन्यांत सुमारे तीन टन खत मिळते. शेण लागते अवघे 100 किलोच्या आसपास. दावणीला एकच जनावर असलेल्या घरालाही हे झेपते.

टाके बांधणे जमत नसेल, तर परसातला लहान खड्डाही चालेल. पुदिना-कोथिंबिरीच्या काड्या, कांद्याची टरफले, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, शेळीच्या लेंड्या हे सारे त्यात जाऊ द्या. ओल्या कचऱ्यावर प्रत्येक वेळी सुका पाला पसरा, म्हणजे घाण वास येणार नाही. मटणाची हाडे, चरबी आणि तेलकट उष्टे मात्र टाकू नका. उंदीर आणि कुत्री खड्डा उकरतात.

खत काळसर, भुसभुशीत झाले आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला, की ते तयार झाले. कच्चे शेणखत घातल्यास मुळांना चटका बसतो, शिवाय हुमणी आणि वाळवीला आमंत्रण मिळते.

काकडीसाठी हेक्टरी 20 टन हे प्रमाण धरले, तर गुंठ्याला सुमारे 200 किलो खत पडते. ते सगळीकडे विखुरण्यापेक्षा आळ्यांत मिसळावे. कंपोस्टमध्ये नत्र युरियापेक्षा फारच कमी असते, म्हणून पहिल्याच हंगामात रासायनिक खत एकदम बंद करू नये. माती तपासून घ्यावी आणि दरवर्षी थोडे थोडे कमी करावे. नत्र जास्त झाले तरी वेल नुसता पानांनी माजतो, फळे कमी धरतात.

मुलांना एक प्रयोग करायला सांगा. दोन आळी करा, एकात कंपोस्ट मिसळा, दुसऱ्यात मिसळू नका. दोन्हींत सारखेच बी आणि मापून सारखेच पाणी घाला. दुपारी कोणत्या वेलाची पाने आधी मान टाकतात आणि कोणत्या आळ्यातून किती काकड्या निघतात, ते वहीत लिहू द्या. पुढे जमीन त्यांच्याच हाती जायची आहे. दस्तरखानावरची काकडी कुठून येते, हे त्यांना आताच कळलेले बरे.