एकट्या खलाशामागचे भांडवल

१९ ऑगस्ट २००९ रोजी भारतीय नौदलातील कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' ही शिडाची नाव घेऊन मुंबईहून एकटेच निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून मुंबईलाच परतले. असा प्रवास करणारे ते पहिले भारतीय. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड व केपटाऊन असे चार थांबे. बाकी सारा एकांत. पुढे २०१४ मध्ये या प्रवासावर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिले. त्यांच्या धैर्याचे कौतुक पुष्कळ झाले व ते योग्यच होते. परंतु अशा साहसावर सरकारी पैसा का खर्चावा, हा प्रश्नही अधूनमधून विचारला जातो. तो टाळण्यात अर्थ नाही.

एकट्याने जगप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस म्हणजे जोशुआ स्लोकम. वाफेच्या जहाजांनी शिडाच्या जहाजांची सद्दी संपविली, आणि हा अनुभवी कप्तान बेकार झाला. मोडकळीस आलेली एक नाव त्याला फुकट मिळाली. ती त्याने स्वतःच्या हातांनी, साडेपाचशे डॉलरच्या आसपास खर्चात पुन्हा उभी केली आणि १८९५ ते १८९८ अशी तीन वर्षे तो समुद्रावर राहिला. त्याचे प्रवासवर्णन आजही वाचले जाते. त्याच्यामागे कोणी नव्हते. पण आयुष्यभराचे कसब हेच त्याचे भांडवल होते. आपल्याकडे हे भांडवल प्रथम निर्माण करावे लागले.

ते कसे केले, हे पाहण्याजोगे आहे. कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. दोंदे पुढे आले तेव्हा अशा एकट्याच्या प्रवासास योग्य शिडाची नाव हाताशी नव्हती. आराखडा डच कंपनीचा घेतला, बांधणी मात्र गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या लहानशा कारखान्यात झाली. या कारखान्याने तोवर असली शिडाची नाव कधी बांधली नव्हती! ज्या नावेवर आपला जीव सोपवायचा तिच्या बांधणीवर दोंदे स्वतः देखरेख ठेवीत होते. शिकाऊ बांधणारा आणि शिकाऊ खलाशी अशी ही जोडी. आपल्या निविदापद्धतीत ती कितपत बसली असती, याची शंकाच आहे.

खर्चाचा हिशेब येथून पुढे मांडावयास हवा. त्याच 'म्हादेई'वरून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कोठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा केली. दांडेकरांनी पुढे 'तारिणी' बांधली. तिच्यावरून वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये, आणि दिलना के. व रूपा ए. या दोघी २०२४-२५ मध्ये जगाला वळसा घालून आल्या. एकदा कमावलेले कौशल्य पुन्हा पुन्हा फळ देते, आणि तेही खर्च करणाऱ्याच्या खतावणीबाहेर. अर्थशास्त्रात यालाच बाह्य लाभ म्हणतात. खाजगी भांडवल अशा लाभाच्या वाटेस जात नाही, म्हणून सरकारने तेथे पैसा घालणे समर्थनीय ठरते.

अडचण आहे ती दुसरीकडे. हे सारे कौशल्य नौदलाच्या कुंपणातच राहिले. टॉमी २०१८ च्या शर्यतीत हिंदी महासागरातील वादळात जबर जखमी झाले, नौदलातून निवृत्त होऊन पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. तेव्हा त्यांच्या नावेवर नाव होते संयुक्त अरब अमिरातीतील एका कंपनीचे. क्रिकेटवर कोट्यवधी उधळणाऱ्या आपल्या उद्योगपतींना हे लाजिरवाणे वाटले की नाही, कोण जाणे.

आमच्या रायगड जिल्ह्याचेच पाहा. अलिबागेस कान्होजी आंग्र्यांचे आरमार नांदले. त्याच जिल्ह्यातील पळसदरीचा विद्यार्थी रोज लोकल गाठून कर्जतला किंवा मुंबईला जातो आणि घाटातल्या पावसाखेरीज पाण्याशी त्याचा संबंध येत नाही. पळसदरीचा तलाव रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी बांधला. इंजिने गेली, तलाव राहिला. त्या शांत पाण्यावर दोन लहान शिडाच्या नावा आणि एक निवृत्त नौसैनिक शिक्षक ठेवण्यास किती खर्च येईल? एखाद्या महाविद्यालयाच्या वार्षिक स्नेहसंमेलनाहून तो फार अधिक नसावा. विद्यापीठाने आणि जिल्हा परिषदेने निदान हा अंदाज तरी काढून पाहावा.